जामसावळीपर्यंत आलेलं खातं

मध्य प्रदेशात सौंसरजवळ जामसावळीला मारुती निजलेला आहे. मूर्ती पूर्वी उभी होती, खाली गुप्तधन असेल म्हणून लोक ती हलवायला गेले आणि देव आडवा झाला, असं सांगतात. नाभीतून पाझरणारं पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. मंगळवार-शनिवारी नागपूरकडच्या गाड्यांची रीघ लागते. त्यासाठी कुठल्या सरकारला कधी जाहिरात करावी लागली नाही.

तरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये इथं ‘हनुमान लोक’ या सरकारी मंदिर-प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. उज्जैनच्या तशाच ‘महाकाल लोक’च्या उद्घाटनाला तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं.

सरकारी पर्यटनाचं मूळ मात्र देवळात नाही. १९४५ मध्ये जॉन सार्जंट यांची समिती बसली, १९४९ मध्ये केंद्राच्या वाहतूक मंत्रालयात पर्यटनाची शाखा निघाली आणि १९५८ मध्ये स्वतंत्र विभाग झाला. नजर होती ती परकी चलन घेऊन येणाऱ्या पाहुण्यावर. त्याला ताजमहाल दाखवायचा, बऱ्या हॉटेलात उतरवायचं. म्हणून १९६६ मध्ये भारत पर्यटन विकास महामंडळ उभं राहिलं: हॉटेलं, मोटारी, भेटवस्तूंची दुकानं, सगळं सरकारी. महाराष्ट्रानं १९७५ मध्ये आणि मध्य प्रदेशानं १९७८ मध्ये आपापली महामंडळं काढली. धोरण आणि परदेशातला प्रचार केंद्राकडे, जागा आणि बांधकाम बहुतेक राज्यांकडे, अशी ही वाटणी.

मध्य प्रदेश म्हटलं की खजुराहो, सांची, कान्हा. नवस फेडायला आलेला, धर्मशाळेत पथारी टाकणारा माणूस त्या चित्रात शोधूनही सापडला नसता. २०१४-१५ मध्ये केंद्रानं तीर्थक्षेत्रांसाठी ‘प्रसाद’ योजना आणली, तेव्हा तो खात्याच्या कागदावर ठळक झाला. जामसावळीचं काम राज्याचं, पण वारं तेच. भाविक आधी, खातं मागाहून. माझ्या मते हा उलटा क्रम या भागाला शोभतो.

कारण याच भागातल्या पांढुर्ण्यात जामसावळीहून प्रसिद्ध असा एक दिवस आहे आणि तो कुणालाच विकता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि तो काढण्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. गोटमार. डोकी फुटतात, माणसं दगावलीही आहेत. प्रशासनानं एकदा रबरी चेंडू पुरवून पाहिले. लोकांनी दगडच उचलले. आता जमावबंदीचा हुकूमही निघतो आणि काठावर डॉक्टर, ॲम्ब्युलन्स तयार ठेवतात. गच्च्या मात्र सकाळपासून बघ्यांनी भरलेल्या असतात.