वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित?

शस्त्राचा वारसा म्हटले की मराठी मनासमोर प्रथम तलवार येते. खंडेनवमीला तिची पूजा होते आणि ती कोणत्या मोहिमेत गाजली याची हकिकत पुढच्या पिढीला सांगितली जाते. त्या हकिकतीला कागदाचा आधार असो वा नसो. पिस्तुलाचे तसे नाही. स्वतंत्र भारतात ते वारशाने येते तेव्हा परवान्याच्या वहीसह येते. घरातली मौखिक कथा आणि सरकारदरबारची नोंद यांची समोरासमोर गाठ पडावी, असा प्रसंग कौटुंबिक इतिहासात क्वचितच येतो. वडिलांच्या मागे राहिलेल्या नेमबाजीच्या पिस्तुलाने तो आमच्या घरात आणला.

पिस्तूल बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, पॉइंट टू-टू बोअरचे आहे. एका वेळी त्यात एकच काडतूस बसते. नळीवर बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसची मुकुटचिन्हे आहेत. प्रत्येक नळी विक्रीपूर्वी तपासणारी ही संस्था १८१३ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. नळी इतकी लांब की हत्यार खिशात मावत नाही. चाप हलका, माशी बारीक. स्वसंरक्षणाला ते जवळजवळ निरुपयोगी आहे. कागदावरच्या काळ्या वर्तुळाखेरीज दुसरे लक्ष्य त्याच्या घडणीत अभिप्रेतच नाही.

घरातली कथा अशी : आजोबा कलेक्टर कचेरीत कारकून होते. १९४७ साली मायदेशी परतताना गोऱ्या साहेबाने त्यांच्या इमानदारीवर खूश होऊन हे पिस्तूल त्यांना बक्षीस दिले. आत्या ही कथा रंगवून सांगत. वडील ऐकून घेत. दुजोराही देत नसत, खोडूनही काढत नसत. परवान्याची वही मात्र निराळे सांगते. परवाना वडिलांच्या नावाचा आहे आणि पिस्तूल परवानाधारक विक्रेत्याकडून १९६३ साली विकत घेतल्याची नोंद आहे. पुढे दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचे शिक्के. आजोबांचे नाव वहीत कुठेच नाही.

कथा खोटी ठरली म्हणून ती निरर्थक ठरत नाही. ती ज्या काळाची आहे त्या काळाचे व्याकरण तिच्यात आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली दोन कायदे झाले : एक देशी भाषांतील वृत्तपत्रांवर नियंत्रण आणणारा, दुसरा हिंदी माणसाच्या हातातील शस्त्रावर. एकाच वर्षी शब्द आणि शस्त्र दोन्ही संशयास्पद ठरले. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनच्या काळात रद्द झाला, शस्त्रांचा टिकला. त्याचा जाच परवान्याच्या अटीपेक्षाही त्यातील सवलतींत अधिक होता. युरोपियनांना परवाना लागत नसे, हिंदी माणसाला लागे. अशा व्यवस्थेत सामान्याच्या घरी शस्त्र असणे ही राजकृपेची खूण होती. आत्यांच्या कथेतील साहेब तिथून आला आहे. प्रतिष्ठा वरून मिळते, हे त्या पिढीने गृहीतच धरले होते.

या कायद्याविरुद्धचा असंतोष जुना. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविषयी ठराव केला. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. परंतु डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. कोणीही बाजारातून शस्त्र आणू लागला तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांचा मुद्दा होता. १९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवाना राहिलाच. पण अर्ज करणारा आता प्रजाजन नव्हता, नागरिक होता.

दरम्यान १९५१ साली राष्ट्रीय रायफल असोसिएशनची स्थापना झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. पुढल्या वर्षी ते लोकसभेचेही पहिले अध्यक्ष झाले. शस्त्राला शौर्य आणि शिकार यांपलीकडचा, क्रीडेचा अर्थ मिळू लागला होता. माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या माझ्या वडिलांनी नव्या कायद्यानंतर वर्षभरात अर्ज केला, पोलीस चौकशीला तोंड दिले, पैसे साठवले आणि जुने पिस्तूल घेतले. दर रविवारी ते कागदावर नेम धरीत. या हकिकतीत साहेब नाही, म्हणून ती कोणी सांगितली नाही.

वारसाच्या अर्जाच्या वेळी ही दोन कथानके खरोखरच एकमेकांसमोर आली. परवानाधारक गेला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. २०१६ च्या नियमांनुसार वारसाला परवाना मिळू शकतो, पण इतर वारसांची हरकत नसावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांची कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारशालाही ती लागू आहे. पॉइंट टू-टू रायफलने सराव करणाऱ्या क्लब-सदस्यांना या मर्यादेतून सूट आहे, पिस्तुलाला ती नाही. आमच्या घरात अडले ते मात्र एका शब्दापाशी. भावाने संमतिपत्राच्या मसुद्यात ‘वडिलोपार्जित’ असे लिहिले होते. वहीच्या आधारे मी ‘स्वकष्टार्जित’ हा शब्द सुचवला. आजोबांची कथा पुसली जाते आहे, असे त्याला वाटले. सही महिनाभर लांबली. अखेर वही स्वतः वाचून त्याने शब्द बदलला, मग सही केली.

मालमत्तेच्या कायद्यातील ही जोडी कौटुंबिक इतिहासालाही लावून पाहावी. आपण ज्या आठवणी जपतो त्यांतील पुष्कळशा वडिलोपार्जित असतात. त्यांत कोणाची तरी मेहेरबानी मध्यवर्ती असते, आणि सांगणाऱ्याला ती आपलीच थोरवी वाटते. स्वकष्टार्जित इतिहास शिक्क्यांत, पावत्यांत, अर्जांत पडून राहतो. कुणाच्याही कृपेविना, रांगेत उभे राहून, नियम पाळून एका शिक्षकाने आपला छंद मिळवला, ही गोष्ट साहेबाच्या बक्षिसापेक्षा मला अधिक मोलाची वाटते. आत्यांची कथाही पुढच्या पिढीला सांगावी; पण परवान्याची वही तिच्या शेजारी उघडी ठेवून.