एका शब्दाची इभ्रत

११ एप्रिल १९१४ रोजीं लंडनच्या 'हिज मॅजेस्टीज' नाट्यगृहांत बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकाचा प्रयोग झाला. रस्त्यावर फुलें विकणारी एलायझा उच्चारशास्त्रज्ञ हिगिन्सच्या शिकवणीनें शुद्ध बोलूं लागते, आणि तिसऱ्या अंकांत एका प्रतिष्ठित घरीं पाहुणी म्हणून जाते. निघतांना एक तरुण तिला विचारतो, 'बागेंतून पायीं जाणार काय?' ती निर्दोष उच्चारांत नकार देते. परंतु त्या नकारांत 'ब्लडी' हा शब्द असतो! प्रेक्षागृह क्षणभर स्तब्ध झालें, आणि मग हास्याचा जो कल्लोळ उठला तो मिनिटभर शमला नाहीं.

या शब्दाचा मूळ अर्थ 'रक्ताळलेला'. परंतु सतराव्या शतकापासून तो निव्वळ जोर देण्यासाठीं वापरांत आला. मेरीमातेच्या शपथेचा तो अपभ्रंश होय, ही लोकप्रिय समजूत भाषापंडितांना मान्य नाहीं. जोनाथन स्विफ्टसारखा धर्मोपदेशक १७११ सालच्या एका पत्रांत उकाड्याचें वर्णन करतांना तो निःशंकपणें लिहून जातो. मग तो बाटला कसा? त्याचा अर्थ बदलला नव्हता. बोलणारीं तोंडें बदललीं होतीं. कष्टकऱ्यांच्या बोलण्यांत तो रुळला, तशी प्रतिष्ठित घरांनीं त्याला दारें लावलीं. १८८८ सालीं पुरा झालेल्या ऑक्सफर्ड कोशाच्या पहिल्या खंडानें त्यास हलक्या वर्गाचा शब्द ठरविलें. १८८७ सालीं गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या 'रडीगोर' या संगीत नाटकाच्या नांवांत या शब्दाचा नुसता वास आला, तर नांवांतील एक अक्षर बदलावें लागलें!

शॉ यांनीं नेमकें हेंच मर्म हेरलें. नाटकांतील क्लारा नांवाच्या कुलीन तरुणीला एलायझाचा शब्द ही नवी फॅशन वाटते, आणि तीही लगेच तो मोठ्या दिमाखानें उच्चारते. शब्द तोच, पण सफाईदार उच्चारांत आला म्हणून तो शिष्ट ठरला. म्हणजे असभ्यता शब्दांत नव्हती, बोलणाऱ्याच्या पायरींत होती.

पुढें पु. ल. देशपांडे यांनीं याच नाटकावरून 'ती फुलराणी' लिहिलें. मराठी प्रेक्षकाला 'ब्लडी'ची धग ठाऊक नसेल. पण बोलीवरून माणसाची किंमत करण्याची संवय त्यास परकी नव्हती. म्हणूनच तो पोट धरून हंसला, आणि हंसतां हंसतां थोडा ओशाळलाही असेल.