आजचा परवलीचा शब्द

दर ३१ डिसेंबरला मी एक एक्सेल शीट बनवतो. साडेपाचला उठणे, धावणे, वीस पानं वाचन, साखर बंद. प्रत्येकाला एक कॉलम आणि खाली टक्केवारीचा फॉर्म्युला. पहिला आठवडा सगळं हिरवंगार असतं. मग एखादं रिलीज येतं, दोन रात्री जागरण होतं आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर साखरेचा कॉलम कायमचा लाल होतो. तुमचंही थोड्याफार फरकाने असंच होत असणार, उगाच नाही म्हणू नका :)

काही वर्षांपूर्वी ऑनसाइट म्हणून जर्मनीत ड्रेस्डेनला होतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे खिशात मावेल असं एक निळं पुस्तक असायचं. मशीन सुरू होईपर्यंत तो त्यातलं त्या तारखेचं वाचायचा. दोन-तीन ओळी, अर्धा मिनिट, की पुस्तक ड्रॉवरमध्ये. एकदा विचारलं तर म्हणाला, "आजीची सवय, मला लागली. या पुस्तकाचं वय अमेरिकेपेक्षा ४५ वर्षांनी जास्त आहे." मला वाटलं, थाप मारतोय. नव्हता मारत. तेव्हापासून या पुस्तकाच्या मागे लागलोय, त्याचीच ही गोष्ट.

ड्रेस्डेनहून पूर्वेकडे गेलं की पोलंड आणि चेक सीमेच्या कोपऱ्यात हेर्नहूट नावाचं छोटं गाव लागतं. १७२२ साली इथे गाव वगैरे काही नव्हतं. शेजारच्या मोराव्हियात कॅथलिक राजवटीखाली चोरून आपला धर्म पाळणारी काही प्रोटेस्टंट कुटुंबं होती. यांची परंपरा थेट यान हुसपर्यंत जाते, ज्याला १४१५ मध्ये जिवंत जाळलं होतं. ती रातोरात घरंदारं सोडून सॅक्सनीत आली. तिथे निकोलाउस फॉन झिन्झेनडॉर्फ नावाच्या २२ वर्षांच्या सरदाराने त्यांना आपल्या जमिनीवर आसरा दिला. ख्रिस्तियान डाव्हिड नावाच्या सुताराने जून १७२२ मध्ये पहिलं झाड तोडलं आणि वस्ती सुरू झाली. हेर्नहूट म्हणजे 'प्रभूची राखण'. प्रभू आपल्याला राखतो, आणि आपण प्रभूसाठी पहाऱ्यावर आहोत, असे दोन्ही अर्थ.

आता धर्मासाठी सर्वस्व सोडून आलेली माणसं म्हणजे एकत्र गुण्यागोविंदाने राहिली असतील, असं वाटतं ना? छे! पाच वर्षांत वस्ती भांडणांनी फुटायला आली. मोराव्हियाचे, लुथरन, आणखी कुठल्या कुठल्या पंथांचे, सगळे एका गल्लीत आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच खरं. शेवटी १७२७ च्या मे महिन्यात झिन्झेनडॉर्फने सगळ्यांसमोर नियमांचा एक करारनामा ठेवला. ऑगस्टमध्ये बेर्टेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये एकत्र प्रभुभोजन झालं आणि भांडणं निवली. त्याच महिन्यात २४ पुरुष आणि २४ बायकांनी चोवीस तासांची प्रार्थनेची पाळी लावून घेतली. एकाने एक तास, की पुढचा येणार. आपल्या ऑन-कॉल रोस्टरसारखंच की. फरक एवढाच, की हे रोस्टर शंभराहून जास्त वर्षं चाललं.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या वर्षाची. ३ मे १७२८, संध्याकाळची भजनसभा. झिन्झेनडॉर्फने उद्याच्या दिवसासाठी म्हणून सगळ्यांना एक छोटंसं वचन दिलं. बस. पुढे हाच शिरस्ता झाला. सकाळी एक जण ते वचन घेऊन गावातल्या ३२ घरांत फिरायचा. दार वाजवायचा, वचन सांगायचा आणि घरातल्यांशी दोन शब्द बोलायचा. कोण आजारी आहे, कोण रुसलंय, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे त्याला आपोआप कळायचं आणि तो परत येऊन ते सांगायचा. म्हणजे वचन हे निमित्त म्हणायचं. वर्षभरापूर्वी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या गावात रोज कोणीतरी प्रत्येकाच्या दारात उभं राहतंय, हे मोठं.

या वचनाला शब्द वापरला 'लोझुंग'. जर्मनमध्ये हा शब्द शिपायांचा. पहाऱ्यावरचा माणूस अंधारात 'कोण आहे?' म्हणून ओरडतो, तेव्हा जो शब्द सांगायचा तो. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, परवलीचा शब्द! आपण दर ९० दिवसांनी बदलतो आणि विसरतो, ते दरिद्री पासवर्ड सोडा. हा रोज बदलायचा, आणि सगळ्यांना एकच.

१७३१ साठी वर्षभराची वचनं आधीच छापून घेतली. त्या पहिल्या पुस्तकाच्या लांबलचक नावात 'दर सकाळी नवं' असे शब्द होते. तेव्हापासून एकही वर्ष न चुकता हे पुस्तक निघतंय. २०३० चं पुस्तक तीनशेवं असेल. (२९९ वं नाही. १७३१ धरूनच मोजायचं. ऑफ-बाय-वन एरर करू नका.) आज जर्मनीत त्याच्या लाखो प्रती खपतात आणि पन्नासहून जास्त भाषांत ते वाचलं जातं.

आणि वचन ठरतं कसं? चिठ्ठ्या टाकून! हेर्नहूटमध्ये एका वाडग्यात चिठ्ठ्या असतात. जुन्या करारातली सुमारे १८०० वचनं क्रमांक लावून ठेवली आहेत. दरवर्षी एकेका तारखेसाठी एकेक चिठ्ठी निघते. मग संपादक त्याला जुळणारं नव्या करारातलं वचन आणि एखादी प्रार्थना किंवा गीत शोधतो. कोकणातल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. गुरव देवाला कौल लावतो, त्यातलाच प्रकार. आपल्याला काय ऐकायचंय ते आपण निवडायचं नाही. माझ्या शीटमधला प्रत्येक कॉलम मी निवडलेला असतो आणि चुकला की मीच आरोपी. इथे चुकायला जागाच नाही. काल वाचलं नाही? हरकत नाही, आजची तारीख उघडा. बॅकलॉग नाही.

आता एवढं गोड बोललो म्हणून दुसरी बाजू झाकून ठेवणं बरं नाही. हेर्नहूटवाल्यांना चिठ्ठ्यांचं इतकं वेड लागलं की लग्नंसुद्धा चिठ्ठीवर ठरू लागली. चिठ्ठी 'नाही' म्हणाली की संपलं. ही सक्ती सामान्य सभासदांपुरती उठायला १८१८ साल उजाडावं लागलं. आणि याहून वाईट पुढे आहे. ऑगस्ट १७३२ मध्ये दोन तरुण हेर्नहूटहून पायी निघाले, कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांना ख्रिस्ताची सुवार्ता सांगायला. माणसं हिमतीची, यात वादच नाही. पण १७३० चं दशक संपायच्या आत त्याच मिशनने तिथे मळा विकत घेतला आणि मळ्याबरोबर गुलामही. एकाच तारखेचं वचन मालक आणि त्याने विकत घेतलेला माणूस, दोघांनी ऐकायचं! सकाळचा सौम्य नेम माणसाला शांत करतो हे खरं. पण ज्या गोष्टीने झोप उडायला हवी तिथेही तो शांतच करत असेल तर? मला यावर उत्तर सापडलेलं नाही.

वर्ष बदलण्याची त्यांची रीत मात्र मला फार आवडते. ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये सगळे जमतात आणि सरत्या वर्षाचा वृत्तांत वाचला जातो. कोण जन्मलं, कोण गेलं, गावात काय घडलं, जगात काय झालं. याला ते 'मेमोराबिलिया' म्हणतात. नव्या वर्षाचे संकल्प नाहीत, आधी जुन्याचा हिशोब. आपल्या भाषेत रिट्रोस्पेक्टिव्ह. मग पाळक बोलायला लागतो आणि बरोबर बाराला, त्याचं वाक्य अर्धं असलं तरी, तुताऱ्या वाजायला लागतात. वाक्य अर्धंच राहतं. अशी सोय आमच्या स्टेटस मीटिंगमध्ये असती तर!

ही जागरणाची रात्र पुढे मेथडिस्टांनीही उचलली. त्यांचा जॉन वेस्ली १७३६ मध्ये जहाजावर वादळात घाबरला होता, तेव्हा शेजारी हे मोराव्हियन शांतपणे गात होते. ते त्याच्या इतकं मनात राहिलं की १७३८ मध्ये तो हेर्नहूट बघून आला. पुढे १७५५ मध्ये त्याने देवाशी कराराची उपासना सुरू केली, ती आजही मेथडिस्ट नव्या वर्षाच्या सुरुवातीला करतात. पण ती बरीच कडक, स्वतःचं सगळं देवाच्या हवाली करणारी. हेर्नहूटचा तो अर्धा मिनिट माझ्यासारख्या आळशाला जास्त झेपणारा. ३१ डिसेंबर १८६२ ला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनीही अशीच रात्र जागवली, कारण सकाळी गुलामगिरीतून मुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. सेंट थॉमसनंतर हे वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत डीट्रिश बोनहॉफर हा पाद्री होता. हिटलरविरुद्धच्या कटात सामील असलेला. २० जुलै १९४४ चा हिटलरला मारायचा प्रयत्न फसला, तेव्हा तो बर्लिनच्या तुरुंगात होता. आता आपलं काय होणार हे त्याला कळलं असणारच. दुसऱ्या दिवशी त्याने मित्राला पत्र लिहिलं आणि त्यात कालच्या आणि आजच्या लोझुंगचा आवर्जून उल्लेख केला, दोन्ही किती चांगली आहेत म्हणून. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली.

आपल्यापैकी बरेच जण बाईकवर लेहला जाऊन आलेत. तिथलं मोराव्हियन चर्च याच हेर्नहूटचं. मंडळी १८५६ ला लाहौलमध्ये केलाँगला आली आणि १८८५ मध्ये लेहला. त्यांची शाळा तिथे आजही चालते. २०२४ च्या जुलैमध्ये हेर्नहूट जागतिक वारसा यादीत गेलं, तो निर्णय झाला तो नवी दिल्लीच्या बैठकीत. हाही एक कौलच म्हणायचा.

असो. चिठ्ठ्या तीन वर्षं आधी काढतात, भाषांतरं आणि छपाईला वेळ लागतो म्हणून. म्हणजे २०२८ ची वचनं २०२५ मध्येच निघाली आहेत. २०२८ लीप वर्ष आहे, त्यामुळे त्या वेळी ३६६ चिठ्ठ्या. टेस्टिंगवाल्यांनी नोंद घ्यावी.