रोगांचीं नांवें आणि त्यांचे आंकडे

१ ऑक्टोबर २०१५ या दिवशीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इस्पितळांनीं व दवाखान्यांनीं एक पुस्तक मिटलें आणि दुसरें उघडलें. रोग्यास काय झालें आहे हें आंकड्यांनीं लिहिण्याची जी पद्धति तेथें १९७९ सालापासून चालत आली होती, ती त्या दिवशीं संपली व तिच्या जागीं नवी सुरू झाली. जुन्या पुस्तकांत रोगांचे सुमारें चौदा हजार संकेतांक होते. नव्यांत ते सत्तर हजारांच्या घरांत गेले. वरवर पाहतां ही कारकुनांच्या टेबलावरची बाब वाटते. परंतु तिच्यासाठीं सरकारनें नक्की केलेली तारीख दोनदां पुढें ढकलावी लागली, आणि दुसऱ्या खेपेस तर तसा कायदा करावा लागला. एवढें काय अडलें होतें, हें समजण्यासाठीं श्रोत्यांनीं माझ्याबरोबर साडेतीनशें वर्षें मागें यावें अशी विनंति आहे.

सतराव्या शतकांत लंडन शहरांत दर आठवड्यास मृत्यूंची यादी छापून निघत असे. कोण कशानें मेलें हें सांगण्याचें काम प्रत्येक चर्चच्या हद्दींत नेमलेल्या वृद्ध स्त्रियांकडे असे. त्या प्रेत पाहून येत, घरच्या माणसांना विचारीत आणि कारण कळवीत. ‘दांत’, ‘अचानक’, ‘म्हातारपण’ अशीं कारणें त्या याद्यांतून आढळतात. जॉन ग्रांट नांवाच्या एका कापडसामानाच्या व्यापाऱ्यानें या याद्या जमवून त्यांवर १६६२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हा कांहीं वैद्य नव्हे. पण जमाखर्चांत कोठें गफलत आहे हें ओळखण्याची व्यापाऱ्याची नजर त्याला होती. उपदंशानें मेलेल्यांची संख्या इतकी थोडी कशी, असा त्याला संशय आला. त्यानें शोध केला तेव्हां दिसून आलें कीं, मद्याचा पेला व थोडी चिरीमिरी मिळाली म्हणजे या बाया तेंच मरण व्रणाच्या किंवा क्षयाच्या खातीं घालतात.

पुढें १८३७ सालीं इंग्लंडांत जन्ममृत्यूंची नोंद सरकारी झाली, आणि त्या कचेरींत विल्यम फार हा डॉक्टर आंकड्यांचें संकलन करूं लागला. लांच न घेणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरांच्या दाखल्यांतहि गोंधळ आहेच, असें त्याला आढळलें. एका रोगास तीनचार नांवें, आणि एका नांवाखालीं तीनचार रोग! नांवें ठरल्याखेरीज मोजणी व्यर्थ, हें त्यानें आपल्या अहवालांतून पुनःपुन्हा बजावलें. १८५३ सालीं ब्रसेल्स येथें भरलेल्या आंकडेशास्त्र्यांच्या परिषदेनें फार व जिनीव्हाचा डॉक्टर मार्क देस्पीन या दोघांवर सर्व राष्ट्रांस चालेल अशी यादी करण्याचें काम सोंपविलें. दोन वर्षांनीं दोघे पॅरिसला आले ते दोन निरनिराळ्या याद्या घेऊन! शेवटीं तडजोड म्हणून १३९ कलमांची तिसरीच यादी निघाली, आणि तडजोडीच्या वस्तूंचें होतें तेंच तिचें झालें. ती सर्वमान्य कधींच झाली नाहीं.

हें काम मार्गीं लावलें पॅरिस शहराच्या आंकडेखात्याचा प्रमुख झाक बेर्तियों यानें. त्याची यादी १८९३ सालीं शिकागो येथें मांडली गेली, आणि १९०० च्या ऑगस्टांत पॅरिसला २६ देशांच्या प्रतिनिधींनीं १७९ वर्गांच्या स्वरूपांत ती मान्य केली. बेर्तियोंची खरी दूरदृष्टि मला यादीपेक्षां दुसऱ्याच गोष्टींत दिसते. दर दहा वर्षांनीं ही यादी तपासून बदलावी, असें तेव्हांच ठरलें. वैद्यकाचें ज्ञान वाढतें, तेव्हां आजची यादी उद्यां अपुरी पडणार, हें त्यानें आधींच मानलें होतें. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हें काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आलें, आणि मृत्यूच्या कारणांबरोबर जिवंत माणसांचे आजारहि यादींत आले.

आपल्याकडील स्थिति त्या काळीं काय होती? ब्रिटिश अमदानींत खेड्यांतील मृत्यूंची नोंद गांवकामगारांकडे असे, आणि तीं कारणें पांचसात ठराविक रकान्यांत बसवावयाचीं असत: पटकी, देवी, ताप, अतिसार वगैरे. त्यांतील ‘ताप’ हा रकाना सर्वांत भुकेला. हिंवताप, विषमज्वर, क्षय, जें ओळखूं येत नसे तें सारें तो गिळून टाकी. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. त्यानंतर प्लेगला निराळा रकाना मिळाला; पण भीतीनें वा अज्ञानानें तापाच्या रकान्यांत गेलेलीं प्रेतें परत कोण मोजणार? ग्रांटच्या लंडनांतील बायांहून आमचे गांवकामगार वाईट होते असें नाहीं. त्यांना कोणी शिकविलेंच नव्हतें.

आतां यादी बदलली म्हणजे काय घडतें तें पाहूं. दहावी आवृत्ति १९९० सालीं मंजूर झाली आणि अमेरिकेनें मृत्यूंच्या नोंदीसाठीं ती १९९९ पासून घेतली. त्यापूर्वीं तेथील आंकडेखात्यानें एक शहाणपणाचें काम केलें. १९९६ सालच्या मृत्यूंचे दाखले घेऊन ते जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींनीं लावून पाहिले. तेच दाखले, तींच माणसें. परंतु जुन्या रीतीनें इन्फ्लुएंझा व न्यूमोनियाचे शंभर मृत्यु भरत, तेथें नव्या रीतीनें सत्तरच भरले. स्मृतिभ्रंशाच्या आल्झायमर रोगाचे शंभरांचे एकशें पंचावन्न झाले. न्यूमोनियानें कोणी वांचलें नव्हतें, कीं आल्झायमरनें कोणी अधिक मेलें नव्हतें. मृत्यूचें मूळ कारण कोणतें धरावें याचे नियम बदलले, म्हणून प्रेतें या खात्यांतून त्या खात्यांत गेलीं. ही दुहेरी मोजणी झाली नसती तर न्यूमोनिया हटल्याचा आनंद कोणीतरी खुशाल साजरा केला असता!

हें झालें मृतांचें. जिवंतांच्या आजारांचे आंकडे मात्र अमेरिकेंत जुन्याच पद्धतीनें चालू राहिले, कारण तेथें आंकड्यांशीं पैसा जोडलेला होता. वृद्धांसाठीं असलेली मेडिकेअर ही सरकारी विमायोजना १९८३ पासून रोगाचा गट पाहून इस्पितळास रक्कम देऊं लागली. संकेतांक चुकला तर बिल परत, आणि बिल परत म्हणजे लहान दवाखान्याचा पगार थकणार. म्हणून २०१३ ची तारीख २०१४ वर गेली आणि २०१४ ची २०१५ वर.

पुष्कळांची समजूत अशी कीं, जुन्या अंकासमोर नवा अंक छापलेलें कोष्टक हातीं दिलें म्हणजे झालें. तशीं कोष्टकें सरकारनें दिलींहि. १९५७ सालीं आपल्याकडे नवे पैसे आले तेव्हां आण्यांचीं कोष्टकें अशींच वांटलीं होतीं. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होत. पण एका आण्याचे सव्वासहा होत, आणि त्या पाव पैशावरून दुकानांत तंटे होत, असें वडीलधाऱ्यांकडून ऐकलें आहे. रोगांच्या बाबतींत तर पाव पैशाचा प्रश्न पदोपदीं. जुन्या पद्धतींत मनगटाचें हाड मोडलें एवढें लिहिलें कीं भागे. नवी विचारते: उजवें कीं डावें? उपचार प्रथमच होत आहेत, कीं रोगी तपासणीसाठीं पुन्हा आला आहे? जुन्या अंकांत हें ज्ञान नव्हतेंच, तर कोष्टक तें कोठून आणणार? तें रोग्याच्या कागदावर डॉक्टरनेंच लिहिलें पाहिजे. त्यानें न लिहिल्यास कारकुनानें मनानें भरूं नये, डॉक्टरकडे जाऊन विचारावें. म्हणजे शिकवावयाचें होतें तें केवळ कारकुनांना नव्हे, डॉक्टरांनाहि. आणि माझ्या अनुभवाप्रमाणें आपल्याला येतें असें समजणारा विद्यार्थी सर्वांत अवघड असतो.

मदतीचीं जीं कामें खरोखर उपयोगी पडलीं, तीं याच जातीचीं. कारकुनांना शरीररचनेचे धडे पुन्हा देण्यांत आले, आणि त्यासाठीं आधीं शिक्षक तयार करण्यांत आले. कित्येक इस्पितळांनीं तारखेपूर्वीं कांहीं महिने तेच कागद दोन्ही पद्धतींनीं लावून पाहिले. मेडिकेअरनें २०१५ च्या जानेवारी, एप्रिल व जुलै महिन्यांत खोटीं बिलें शेवटपर्यंत चालवून परीक्षा घेतली. याउलट, २०१४ ची तारीख ऐनवेळीं लांबली तिनें नुकसानच केलें असें मला वाटतें. जे शिकून तयार झाले होते ते विसरूं लागले. आणि केवळ नवी पद्धति शिकून बाहेर पडलेल्या तरुणांना जुन्या पद्धतीच्या कचेरींत काम मिळणें कठीण झालें. परीक्षा पुढें गेल्यानें अभ्यास वाढतो, हा भ्रम आहे. ऑस्ट्रेलियानें १९९८ व १९९९ अशा दोन वर्षांत, तर कॅनडानें २००१ पासून प्रांतवार बदल केला. तेथें शिकविणाऱ्यांस उसंत मिळाली. मात्र मधल्या काळांत एका देशाचे आंकडे दोन भाषांत बोलत राहिले.

नव्या पुस्तकाची थट्टाहि पुष्कळ झाली. कांसवाचा धक्का लागणें, विमानाच्या यंत्रांत ओढलें जाणें, यांनाहि स्वतंत्र अंक आहेत. सासरच्या मंडळींशीं न पटण्यासहि एक अंक आहे. तो आपल्याकडे अपुरा पडला असता! असो. प्रत्यक्ष दिवस उजाडला तेव्हां अनर्थ झाला नाहीं. पहिल्या महिन्यांत मेडिकेअरकडे रोज सुमारें ४६ लाख बिलें आलीं आणि नवा अंक अवैध म्हणून परत गेलेलीं दहा हजारांत नऊ भरलीं. रोगाचा वर्ग बरोबर असून तपशील अपुरा राहिला, तर केवळ त्यावरून डॉक्टरांचीं बिलें एक वर्ष नाकारावयाचीं नाहींत, ही सवलत आधींच जाहीर झाली होती, तिचाहि आधार लोकांना होता.

यापुढील, म्हणजे अकरावी, आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली आहे, आणि २०२४ च्या जानेवारींत दिल्ली येथें आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील रोगनामांची तिला जोड देण्यांत आली. वैद्यांनाहि आतां अंक शिकावे लागतील. आपल्या देशांत १९६९ च्या कायद्यानें मृत्यूची नोंद सक्तीची केली. तरी २०२० सालच्या सरकारी अहवालाप्रमाणें नोंदलेल्या मृत्यूंपैकीं डॉक्टरनें कारण लिहून दिलेले मृत्यु शेंकडा साडेबावीसच होते. उरलेल्या साडेसत्याहत्तरांपुढें कोणत्याहि आवृत्तीचा अंक लावावयाचा, तर आधीं कोणीतरी कारण लिहिलें पाहिजे.