शिकलगारांची सतार

इटलीतील क्रेमोनाच्या कारागिरांनी व्हायोलिनच्या पाठीला लहरदार रेषांचे मेपल लावले. आज तेच लाकूड इलेक्ट्रिक गिटारवरही मिरवते. आमच्या सांगली जिल्ह्यातील मिरजेची मदार मात्र तुणाच्या लाकडावर आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या कडू भोपळ्यावर. १९व्या शतकात संस्थानी फौजांचे दिवस सरले, तलवारींना पाणी देणाऱ्या शिकलगारांचे काम आटले. त्यांतले फरीदसाहेब सतारी घडवू लागले आणि घराण्याचे आडनावच ‘सतारमेकर’ पडले. जवारी काढायची म्हणजे घोडीचा माथा घासत राहायचे, ते कानाने ऐकत. शिकलीचा हात इथे उपयोगी पडला असावा, असे आम्हांला वाटते. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे (मृत्यू १९३७) नाव आपण अदबीने घेतो. तंबोरा घडवणाऱ्याचे कोण घेतो? स्ट्रॅडिव्हरीची चिठ्ठी निदान व्हायोलिनच्या पोटात असते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले; तेही गावाच्या नावाने.