मरू न देणारं जहाज

२०१७मध्ये हॉस्टेलच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर आम्ही चार-पाच जण ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळायचो. माझं जहाज होतं ओस्प्रे. काम एकच : आपल्यातल्या कुणावर मारा सुरू झाला की लांबून त्याची शील्ड भरत राहायची. शत्रूचं जहाज फुटलं की ते कुणी कुणी फोडलं याची यादी यायची, ‘किलमेल’. त्यात फक्त मारणाऱ्यांची नावं. माझं कधीच नसायचं. राग यायचा. पण या गेम्सचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की यादीत न दिसणाऱ्या या कामाला आवर कसा घालायचा, हा जुना आणि अवघड प्रश्न आहे.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. १९६२मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी पीडीपी-१ संगणकावर ‘स्पेसवॉर’ बनवला. दोन जहाजं, एक टॉर्पेडो लागला की खेळ खलास. दुरुस्ती नाहीच. जीव वाचवायला हायपरस्पेसमध्ये उडी मारता यायची, पण परत येताना जहाज फुटण्याचाही धोका होता. सुटका फुकट नव्हती.

१९८८च्या सुमारास बर्कलेत ‘नेटट्रेक’ आला. इंटरनेटवर आठ विरुद्ध आठ. इथे दुरुस्ती होती, पण ती सुरू केली की जहाज थांबायचं आणि शील्ड खाली यायची. दुरुस्तीची सोय असलेल्या आपल्या ग्रहाभोवती फिरत राहिलात तर काम लवकर व्हायचं. म्हणजे बरं व्हायचं तर आघाडी सोडा. तेवढ्या वेळात समोरचे पुढे सरकणार. किंमत वेळेत मोजायची.

२००३मध्ये आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह’ आला. त्यात लढता लढता दुसऱ्याचं जहाज दुरुस्त करता यायचं, आणि एका लढाईत शेकडो जहाजं उतरू लागली. इथे गणित बिघडलं.

सोपं उदाहरण घ्या. एक दुरुस्तीवाला तीन बंदूकवाल्यांचं नुकसान भरून काढतो असं समजा. दोन्हीकडे २० जहाजं, त्यातली पाच दुरुस्तीवाली. १५ जणांनी मिळून एकाला झोडपलं तरी पाच जण त्याला सावरतात. कुणी मरत नाही. आता समोरच्यांकडे १०च जहाजं असतील, तर रात्रभर गोळ्या झाडूनही त्यांच्या हाती काही लागणार नाही. हीलिंग टक्क्यांत नाही, वजाबाकीत चालतं. मारा रेषेच्या जरा खाली असेल तर एकही मरण नाही, जरा वर गेला की जहाजं एकामागून एक फुटतात. छोट्या टोळीला हरवणं सोडा, ओरखडाही काढता येत नाही.

खेळाडूंनी यावर तोड काढली : ‘अल्फा’. मेलस्ट्रॉम जहाजांवर मोठ्या तोफा लावायच्या आणि सगळ्यांनी एकाच क्षणी डागायच्या. दुरुस्ती पोचण्याआधीच जहाज संपतं. त्यात आर्मरची दुरुस्ती सायकल संपताना लागू होते, शील्डची सुरू होताना. त्यामुळे आर्मरवाल्यांना हा मार जास्त झोंबायचा. पण अशा माऱ्यालाही माणसं खूप लागतात. फायदा पुन्हा मोठ्यांचाच.

सीसीपीचं उत्तर जुन्याच वळणाचं होतं : हीलिंगला किंमत लावा. ‘ट्रायेज’ सुरू केलेलं मोठं जहाज इतरांना प्रचंड दुरुस्ती देतं, पण तेवढा वेळ स्वतः पळू शकत नाही, आणि त्याला कुणाची मदतही घेता येत नाही. २०१२मध्ये आलेला अ‍ॅन्सिलरी शील्ड बूस्टर स्वतःची शील्ड झपाट्याने भरतो, पण त्याला काडतुसं लागतात. ती संपली की भरायला एक मिनिट. त्या एका मिनिटात समोरच्याला संधी.

हे सगळं वाचल्यावर माझा राग जरा निवला. दुसऱ्याला वाचवणारा स्वतः उघडा पडला पाहिजे, तरच लढाईला शेवट राहतो. ओस्प्रेला हे लागूच होतं, कारण मुरलेले खेळाडू आधी दुरुस्तीवाल्यालाच टिपतात. आमच्या किलमेलमध्ये माझं नाव कधी आलं नाही. शत्रूच्या किलमेलमध्ये मात्र अनेकदा आलं, सगळ्यात वर, फुटलेल्या जहाजाचा मालक म्हणून. खाली मारणाऱ्यांची लांबलचक यादी. मला संपवायला इतके जण लागले होते.