निवड कोणाची? शेषाद्री बंधू आणि 1843 चे मुंबई प्रकरण

कॅल्व्हिनच्या परंपरेतला एक सिद्धान्त आपल्याला पहिल्या वाचनात खटकतोच. कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवले आहे, आणि तेही त्या माणसाची पुढची कृती बघून नाही. आपण लगेच म्हणतो, "म्हणजे प्रारब्धच की!" पण नाही. प्रारब्धामागे कर्म असते, हिशेब असतो. इथे माणसाच्या बाजूने इनपुट शून्य. स्कॉटिश चर्चचा आधार असलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्यात (1646) हे स्पष्ट मांडले आहे.

मग प्रश्न येतो, सगळे आधीच ठरलेय तर स्कॉटिश मिशनरी मुंबईत शाळा कशाला काढत होते? त्यांचे उत्तर असे की देवाने जसा शेवट नेमला तशी साधनेही नेमली, आणि उपदेश हे त्यातलेच एक. शिवाय निवडलेला कोण हे माणसाला दिसत नाही, म्हणून सांगायचे सगळ्यांना.

आता 1843. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागे मिशनऱ्यांकडे गेला, पण तो अजाण होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. भांडण मात्र तिथे संपले नाही. मिशनऱ्यांकडे राहून जेवलेल्या पोराला जातीत परत घ्यायचे का? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली.

मला हे प्रकरण यासाठी आवडते की एका मुलाबद्दल तीन वेगळ्या कसोट्या एकाच वेळी लागल्या. कोर्टाने वय पाहिले. जातीने अन्न पाहिले. आणि मिशनच्या सिद्धान्तानुसार दोन्ही गौण होते, कारण बाप्तिस्मा म्हणजे निवड नव्हे. घरी परतलेला श्रीपत निवडलेला नाही, असे कोणताही सच्चा कॅल्व्हिनपंथी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हता. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याच सिद्धान्तासाठी दोन भावांचेच उदाहरण घेतले आहे, याकोब आणि एसाव. तिथे निवड धाकट्याची होते. इथे थोरला गेला, धाकटा राहिला. (योगायोग छान आहे, पण प्रबंधात यावर एक प्रकरण उभारू नका.)

नारायण शेषाद्री पुढे आपल्याकडेच आले. गारखेड्यातून निघालात तर तासा-दीड तासात जालना येते. त्याच्याजवळ त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले. तिथे आले ते बहुतांशी मांग समाजातले लोक. पेटची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबावे. विश्वासनाम्यात लिहिलेय म्हणून बेथेलचा शेतकरी तेच मानत होता, हे सिद्ध होत नाही. 'लायकी न बघता निवड' हे वाक्य मुंबईच्या ब्राह्मण विद्यार्थ्याला एक सांगेल. गावाच्या वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला, ज्याची लायकी इतरांनी जन्मावरूनच ठरवून टाकली होती, ते काय सांगत असेल? हे शोधायला धर्मशास्त्राचे ग्रंथ पुरत नाहीत.